कोरडा पाय

माझ्या भाचीची मुलगी अनघा यंदा भर पावसात सायकलवरून कोकण किनारा करायला निघाली आहे. बरोबर तिच्या वयाच्या मुलामुलींचा घोळका आहे. परवा तिने फोन केला. म्हणाली, "आजी, तू त्या भागात सायकलवर फिरायचीस ना? पाय कोरडे कसे ठेवायचीस?"

मी म्हटलं, "राहत नाहीत."

तिला हे उत्तर आवडलं नाही. तिने बुटांवर चढवायच्या कसल्याशा पिशव्या घेतल्यात, आत पाणी जात नाही असे मोजे घेतलेत, पायाला ऊब देणारं मलम घेतलंय. ती एकेकाची नावं सांगत राहिली. मी ऐकत होते, आणि पलंगाच्या कडेला बसून पाय पुसत होते. पाय धुतले की बोटांच्या प्रत्येक बेचक्यातून पंचा फिरवायचा आणि मगच जमिनीवर टेकवायचे, ही माझी सवय आहे. आमच्या माणदेशात वर्षातले बहुतेक दिवस याची काही गरज नसते. तरी मी पुसते.

पावसावर प्रेम करणाऱ्या लोकांशी माझं फारसं जमत नाही. ती माणसं खिडकीच्या आतल्या बाजूला असतात, हातात कप असतो. माझा पावसाळा एकच. तो मी बोर्ली पंचतनला काढला, आणि तो मला पायांतून कळला. आजही जून उजाडला आणि आभाळ भरून आलं की मला आनंद होत नाही. पायाच्या बोटांत खाज सुटते. इकडे थेंब पडलेला नसतो, तरी सुटते.

तेव्हा त्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती, गावोगाव विकास योजना निघाल्या होत्या, आणि मी नवी कोरी ग्रामसेविका होते. प्रशिक्षण केंद्रात आम्हाला शिवण, बालसंगोपन, बिनधुराची चूल आणि सायकल अशा चार गोष्टी शिकवल्या होत्या. सायकल शिकवली ती सपाट, वाळलेल्या मैदानावर. सरकारी भाषेत गावोगाव हिंडण्याला फिरती म्हणतात. हा शब्द ऐकला की माणूस मजेत हिंडतोय असं वाटतं. बोर्लीभोवतालच्या वाड्यांची फिरती माझ्याकडे होती, आणि मी रुजू झाले ती ऐन मृगाच्या पावसात.

माझ्या गावाकडे पायांना भेगा पडत. भेगांत मेण भरायचं, की झालं. पाय ओले राहून कुजतात हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटे पाऊस वरून पडतो, तेव्हा वरून छत्री किंवा घोंगडी घेतली की भागलं. सायकलवर बसल्यावर कळलं की पाऊस खालून येतो. पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट नडगीवर बसायचं. मागच्या चाकाचं पाणी पाठीवर. पातळाचा काठ एकदा भिजला की दिव्याच्या वातीने तेल ओढावं तसं पाणी ओढून घ्यायचा आणि घोट्याशी थेंब थेंब सोडत राहायचा. पॅडलवर पाय खाली गेला की चपलेत पाणी, वर आला की ते पाणी टाचेकडे. रस्ता तांबडा, चिकट. ती माती चाक आणि मडगार्डच्या मधे अशी घट्ट बसायची की सायकल जागच्या जागी थांबे. मग उतरायचं, काडीने माती कोरून काढायची, पुन्हा बसायचं. उतरले की पाय चिखलात घोट्याच्या वर जात.

मी काय काय केलं नाही. चामड्याच्या वहाणा भिजून फुगल्या आणि त्यांचे अंगठे तुटले. कापडी बूट घेतले, ते एकदा भिजले की चार दिवस वाळत नसत, आणि त्यांना असा वास येई की गावातली कुत्री माझ्यामागे येत. मेणकापडाच्या पिशव्या शिवून बुटांवर बांधल्या, तर आत घामाने पाय भिजले. मुंबईहून कुणाकडून तरी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मागवले. त्यांत पाणी वरून शिरलं आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे मी दोन बादल्या पायांत घालून पॅडल मारते आहे असं झालं. शेवटी रबरी सपाता घातल्या. पंधरवड्यात माझ्या बोटांच्या बेचक्यांतलं कातडं पांढरं पडलं, मग सुटलं, मग खालचं लाल मांस दिसू लागलं. या दुखण्याला चिखल्या म्हणतात हे मला तिथेच कळलं.

गावाला मी नको होते. यात मी त्यांना दोष देत नाही. बाई माणूस सायकलवर बसते, घरात शिरून पोरं मोजते, पाण्याचा माठ उघडून बघते आणि चूल मोडायला सांगते, ही कुणाला हवी असणार? बिनधुराच्या चुलीवर तर त्यांचा खास राग होता. पावसाळ्यात कोकणातल्या घरात सगळं धुरावरच वाळतं. चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली असते, तिच्यावर सुकी मासळी, ओली लाकडं, पोरांची धडुती. धूर गेला तर हे वाळवायचं कुठे, असं बायका विचारत. मला केंद्रात याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. मी डोळ्यांचं सांगे, खोकल्याचं सांगे. तेही खरंच होतं, त्या बायकांचे डोळे लाल आणि पाणावलेले असत. पण दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या म्हणून भांडण कमी होत नाही. एका वाडीत एका बाईने मासळी धुतलेलं पाणी नेमकं माझ्या पायांवर ओतलं आणि दिसलं न्हाय म्हणाली. ते पाणी बोटांत शिरलं तेव्हा मला डोळ्यांसमोर काजवे दिसले. मी पाय झटकले आणि पुढे निघाले. बोलले असते तर पुढच्या घराचं दार उघडलं नसतं.

राहायला मला द्वारकाबाईच्या घराची पडवी मिळाली होती. द्वारकाबाई कुणब्याच्या घरातली विधवा, पन्नाशीची, काटक, आवाजाने खरखरीत. मुलगा मुंबईला गिरणीत. घरात ती, एक म्हैस आणि तिचं रेडकू. तिने मला ठेवून घेतलं ते पाटलाने सांगितलं म्हणून. पहिल्याच दिवशी मी तिला मावशी म्हटलं. ती म्हणाली, तिला बहीण नाही, तेव्हा ती कुणाची मावशी नाही. मग मी तिला द्वारकाबाई म्हणू लागले. ती मला शेविका म्हणे, आणि तो शब्द ती असा उच्चारी की मला माझ्याच हुद्द्याची शरम वाटावी.

आमचं मुख्य भांडण चपलांवरून. त्या घरात कोरडी म्हणून जागा एकच, चुलीभोवतालची. पडवीत माझं अंथरूण ओलसर, उशी ओलसर, काड्यापेटीतली काडी ओढली की गुल नुसता घसरून जायचा. संध्याकाळी फिरतीवरून आले की माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती चूल असे. पाय धुऊन मी तिच्या मागच्या भिंतीशी बसू शके, एवढी परवानगी होती. पण पायातलं काही त्या खोलीत आणायचं नाही. चामडंही नाही, रबरही नाही, कापडही नाही. जिथे भात शिजतो तिथे तुझ्या पायातलं टांगू काय, असं तिने विचारलं. मी बूट गोठ्यात, डासांसाठी केलेल्या धुरावर वाळवायला ठेवले. रेडकाने त्यातला एक चघळला. मी त्याला काठी मारली, म्हणून द्वारकाबाईने चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. ते चार दिवस बरे गेले.

आमच्या मुख्यसेविका महिन्यातून एकदा एस.टी.ने येत. त्यांचे पाय कोरडे असत. त्या पडवीत खुर्चीवर बसून माझी फिरती किती झाली ते विचारत. मी त्यांना पाय दाखवले. त्यांनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या की शेतकऱ्याच्या बायका याच पावसात दिवसभर चिखलात उभ्या असतात, त्या रजा मागतात का? माझ्या मनात आलं, त्या घरी येऊन चुलीपाशी बसतात, त्यांना तुमच्यापुढे उभं राहावं लागत नाही. पण मी मान खाली घालून हो म्हटलं. श्रावण लागण्याआधी डोंगराकडच्या वाड्याही झाल्या पाहिजेत असं सांगून त्या गेल्या.

त्या वाड्यांवरून परत आले त्या संध्याकाळी डाव्या पायाची करंगळी सुजून काळपट झाली होती. मला थंडी वाजत होती. सगळ्या पावसाळाभर मला पायांना ऊब हवी होती, आणि आता तो एक पाय असा तापला होता की त्याच्यावर हात ठेवून दुसरा शेकावा. मी न जेवता झोपले. सकाळी उठता येईना. द्वारकाबाई म्हशीची धार काढून आत आली, तिने माझं पांघरूण ओढलं आणि पाय पाहिला. घोट्यापासून गुडघ्याकडे एक तांबडी रेघ चढली होती, कुणी बोटाने कुंकू ओढावं तशी. तिने ती रेघ पाहिली आणि तिचा चेहरा बदलला. मला वाटलं तिला माझी कीव आली. पण तो राग होता.

मला श्रीवर्धनच्या दवाखान्यात न्यायला गाडी मागायला ती तशीच पाटलाकडे गेली. मागाहून मला कळलं की तिथे तिने बराच आरडाओरडा केला. पाटील म्हणाला, एस.टी. बंद आहे, ओढ्याचं पाणी फरशीपुलावरून वाहतंय. बैल चिखलणीला जुंपलेत, गाडी मिळायची नाही. लावणी सोडून डोलीला खांदा द्यायला कोण येणार, आणि तेही त्या सायकलवालीसाठी? दोन दिवस थांबू, पाणी उतरेल, असं त्याने सुचवलं. द्वारकाबाई परत आली ती पुटपुटत. तिने मोठं पातेलं चुलीवर ठेवलं, कडुनिंबाचा पाला टाकून पाणी उकळलं आणि माझा पाय धुतला. हळू बिळू काही नाही, भांडं घासावं तसा धुतला. मी ओरडले तर म्हणाली, "ओरड. गावाला ऐकू दे."

मग तिने एक धोतर फाडलं. नवऱ्याचं असावं, घरात दुसरं कुणाचं असणार? त्याच्या पट्ट्या तिने चुलीवरच्या ताटीवर, भाताच्या हांडीच्या बरोबर वर, पसरल्या. त्या चांगल्या गरम झाल्यावर माझ्या पायाला गुंडाळल्या, वरून माझंच मेणकापड बांधलं आणि सुंभाने घट्ट आवळलं. त्या सबंध पावसाळ्यात माझा एक पाय एक दिवस कोरडा आणि उबदार राहिला, तो हा.

"ऊठ," ती म्हणाली. "तुझी ती सायकल घे."

मी म्हटलं मला चालवता येणार नाही. ती म्हणाली, एका पायाने चालव, मी ढकलते. मी म्हटलं, दोन दिवस थांबू या. तेव्हा ती माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बोलली. "ह्या घरातनं एक मानूस पायापायी गेला. तवाबी दोन दिवस थांबा म्हनलेले. दुसरा न्हाय जायाचा हितनं. मरायचं तर श्रीवर्धनात मर."

आम्ही निघालो. तिने डोक्यावर इरलं घेतलं, ते पानांचं टोपलं घालून बायका लावणीला जातात तसं, आणि पातळ गुडघ्यापर्यंत खोचलं. मी सीटवर, डावा पाय पुढच्या दांडीला सुंभाने टांगलेला, उजवा पॅडलवर. ती मागून कॅरिअर धरून ढकलत होती. गावातून जाताना माणसं दारात आली. कुणी हसलं असेल, मला आठवत नाही. तापाने मला रस्ता कधी जवळ, कधी लांब दिसत होता. पाऊस तिरका लागत होता. द्वारकाबाईचं तोंड मात्र क्षणभर बंद नव्हतं. तिने मला शिव्या दिल्या, माझ्या आईबापांना दिल्या, सरकारला दिल्या, पाटलाला दिल्या, मुंबईला बसलेल्या स्वतःच्या मुलाला दिल्या. मला वाटतं त्या शिव्यांच्या तालावर ती ढकलत होती.

ओढ्याशी आल्यावर पाणी फरशीवरून मांडीभर वाहताना दिसलं. मला वाटलं आता परत फिरायचं. तिने मला दरडीच्या आडोशाला बसवलं आणि खाडीच्या बाजूला बघत उभी राहिली. खाली भरती होती, तिने ओढ्याचं पाणी अडवून धरलं होतं. ओहोटी लागेस्तोवर आम्ही तिथे बसलो. तेवढ्या वेळात तिने नवऱ्याबद्दल सांगितलं, तेही माझ्यावर डाफरत. लावणीच्या चिखलात त्याच्या पायात कसलंसं हाड घुसलं होतं. अशीच रेघ चढली. तिने साऱ्या वाडीच्या पाया पडून पाहिलं. पावसात कोण जातो, म्हणाले सगळे. "मला एकलीला तो उचलंना," ती म्हणाली. "सायकल न्हवती." एवढं बोलून ती उठली आणि पाण्यात उतरून खोली बघून आली.

पाणी गुडघ्याखाली गेल्यावर तिने मला पुन्हा सायकलवर बसवलं आणि पाण्यात उतरूच दिलं नाही. मी दोन्ही हातांनी हँडल धरलं, तिने एका हाताने सीट आणि एका हाताने माझी कंबर धरली, आणि आम्ही पाण्यातून तशाच पलीकडे गेलो. माझा कोरडा पाय पाण्याच्या वर दांडीवर होता. उजवा बुडाला. तिचे दोन्ही बुडाले.

पुढे चढ लागला. त्या चढावर मी काहीच केलं नाही, माझ्याने होईना. ती एकटी ढकलत होती, आणि आता शिव्याही थांबल्या होत्या, फक्त तिचा श्वास मागून ऐकू येत होता. माथ्यावर पोचल्यावर मी म्हटलं की थोडं बसा. ती म्हणाली, "तुझ्याशी बसायला आलीये व्हय?" आणि तिने मला उतारावर सोडून दिलं.

ओल्या चाकांना ब्रेक लागत नाही. सायकल सुटली ती सुटली. मी उजवी टाच जमिनीला घासत, किंचाळत, वळणं घेत खाली आले, आणि एका झाडीच्या कडेला चिखलात रुतून थांबले. खाली सपाट रस्ता होता. सुपारीच्या बागा दिसत होत्या, म्हणजे श्रीवर्धन आलंच. तिथून मी एका पायाने एकटी जाऊ शकले असते. मी गेले नाही. पावसात तशीच सायकलला टेकून राहिले. बऱ्याच वेळाने वळणावर ते इरलं दिसलं. ती चालत नव्हती, पळत होती. मला धडधाकट पाहिल्यावर ती थांबली, कमरेवर हात ठेवून दम घेतला आणि म्हणाली की थांबायला कुणी सांगितलं होतं.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिने मला बाकावर बसवलं. डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या, रेघ पाहिली, आणि भराभर काहीतरी सांगू लागले. इंजेक्शनची सुई उकळायला ठेवली. ही तुमची कोण, असं त्यांनी तिला विचारलं. "कोन न्हाय," ती म्हणाली. "भाडेकरीन."

मला आत नेईपर्यंत ती जमिनीवर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. तेव्हा मी तिचे पाय पहिल्यांदा नीट पाहिले. इतके दिवस एका घरात राहून मी ते पाहिले नव्हते. बेचक्यांतून रक्त येत होतं, आणि तळवे पाण्याने असे पांढरे सुजले होते की त्यांना पायांचा आकार उरला नव्हता. मी डॉक्टरांना म्हटलं, यांचेही पाय बघा. तिने ताबडतोब पाय पोटाशी घेतले आणि वरून पातळ ओढलं.

"माझं काय बघतेस," ती म्हणाली. "तुझं बघ."

मी शुद्धीवर आले तेव्हा करंगळी काढलेली होती आणि पाय वाचला होता. ती केव्हाच निघून गेली होती. सायकल मात्र व्हरांड्यात, पावसापासून आत घेऊन ठेवलेली होती. नर्स म्हणाली, ती बाई जाताना म्हणत होती की ही सायकल पुन्हा माझ्या दारात आणू नका.

मी बरी होईस्तोवर पाऊस सरत आला. माझी बदली घाटावर झाली. मुख्यसेविकाबाईंनी माझ्याबद्दल काय कळवलं ते मला कधी समजलं नाही, आणि मी विचारलंही नाही. लोकांना वाटतं की असा एखादा प्रसंग घडला की माणसं जवळ येतात. अनघाला मी ही गोष्ट सांगितली असती तर तिलाही तसंच वाटलं असतं, म्हणून मी सांगितली नाही. दवाखान्यात पडल्या पडल्या मीही तसले बेत केले होते. तिला लुगडं नेईन, तिच्या पाया पडेन, या वेळी मावशी म्हणेन.

दसऱ्याच्या सुमाराला मी माझी ट्रंक न्यायला बोर्लीला गेले. ऊन कडक पडलं होतं. तोच रस्ता, पण वाळलेला, टाचेखाली कडक लागणारा. शेतं पिवळी होऊ लागली होती. द्वारकाबाई अंगणात होती. माझी ट्रंक तिने गोठ्यात काढून ठेवली होती, वर कोंबडी बसली होती. मी लुगडं पुढे केलं. तिने ते उलगडून पाहिलं, पोत वाईट आहे म्हणाली, आणि खांद्यावर टाकलं. मग मी तिच्या पाया पडायला वाकले. ती दोन पावलं मागे सरकली. माझ्या मानेवरून तिची नजर माझ्या डाव्या पायावर गेली, चार बोटांवर थांबली.

"एवढ्यावर भागलं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. मग आम्ही भांडलो. कशावरून ते सांगते, म्हणजे कुणाला गैरसमज नको. पडवीच्या भिंतीला मी खिळे ठोकले होते, त्यावरून. तिचा आवाज चढला, माझाही चढला. शेजारणी आल्या. मला खरं सांगायचं तर त्या भांडणात फार बरं वाटलं. पाया पडताना मला काय करावं कळत नव्हतं, ते या भांडणात नीट कळत होतं. तिलाही तसंच वाटलं असेल. ती खिळ्यांवरून चपलांवर आली, चपलांवरून रेडकावर.

शेवटी गाडीवाला ट्रंक उचलून पुढे गेला. मी निघाले. ती दारात उभी होती, लुगडं अजून खांद्यावर.

"परत पावसात येऊ नको," ती म्हणाली.

"बोलावलंत तरी येणार नाही," मी म्हटलं.

तिने मान डोलावली, जणू काही माझ्या तोंडून तिला पटेल असं पहिलंच वाक्य निघालं होतं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.